मोबाइलवर ‘बंद’, पण मशीनवर?

गळीत हंगाम जवळ आला की राहाता परिसरात उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीसाठी फॅब्रिकेशनच्या शेडकडे वळू लागतात. अशा शेडमध्ये एकाच छपराखाली वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, कटर, कॉम्प्रेसर आणि कुठे कुठे लेथही असतो. संध्याकाळी शटर ओढल्यावर ‘कॉम्प्रेसर बंद केला का?’ हा प्रश्न घरापर्यंत पाठ सोडत नाही. कारण चालू राहिलेल्या कॉम्प्रेसरचा पाइप रात्री निसटला, तर मोटर सकाळपर्यंत फिरत राहते. सगळ्या सर्किटांचे नियंत्रण एका पॅनेलवर आणि तिथून मोबाइलवर आणणारे स्मार्ट स्विच छोट्या वर्कशॉपना हवेसे वाटतात ते यामुळेच.

मोबाइलवरून मोटर चालवणे आपल्याकडे नवे नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रणेने विहिरीवरचा पंप घरबसल्या चालू-बंद करण्याची सोय केली. रात्री वीज आली की अंधारात शेत गाठण्याची कटकट कशी असते, हे ज्याने भोगले त्यालाच या सोयीचे मोल कळेल. मात्र पंप विहिरीवर एकटा असतो. लेथपाशी, कटरपाशी माणसाचा हात असतो. फरक एवढाच, पण सगळे त्यावरच ठरते. वर्कशॉपमधल्या केंद्रीय स्विचने सगळे बंद करावे. चालू मात्र काहीही करू नये. मशीन सुरू करण्याचे हिरवे बटण मशीनपाशीच असावे, म्हणजे दाबणाऱ्याला समोर कोणाचे बोट आहे ते दिसते.

पंपांच्या ऑटोस्विचचा अनुभव इथेही उपयोगी पडतो. गेलेली वीज परत येताच परिसरातले सारे पंप एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. म्हणून ऑटोस्विच काढून टाका, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करत आली आहे. थेट स्टार्टरवर सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. ४१५ व्होल्टवरची ३ एचपीची मोटर चालताना ५ अँपिअरच्या आसपास घेत असेल, तर सुरू होताना ३०च्या घरात जाते. वर्कशॉपमधले सहा स्मार्ट स्विच वीज येताच एकदम जागे झाले, तर तोच प्रकार छपराखाली घडतो. शिवाय वीज गेली म्हणून कारागीर अडकलेला तुकडा सोडवायला वाकलेला असतो, ते वेगळेच.

साध्या स्टार्टरमध्ये यावर उपाय आधीपासून आहे. आतल्या कॉन्टॅक्टरची कॉइल वीज असेपर्यंतच संपर्क धरून ठेवते. वीज गेली की संपर्क सुटतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत मशीन गप्प राहते. अनेक स्मार्ट स्विचमध्ये मात्र ‘वीज आल्यावर पूर्वीची स्थिती’ असा पर्याय असतो. घरातल्या दिव्याला तो ठीक. वर्कशॉपमध्ये तिथे ‘बंद’ हाच पर्याय निवडलेला हवा. आणि ‘१६ अँपिअर’ असे छापलेल्या डबीवरून मोटर थेट चालवण्याचा मोह टाळावा. मोटरच्या झटक्याने आतल्या रिलेचे संपर्क वितळून चिकटू शकतात. मग पडद्यावर ‘बंद’ दिसते आणि मशीन फिरत राहते. स्मार्ट स्विचने कॉन्टॅक्टरच्या कॉइलला हुकूम द्यावा, भार कॉन्टॅक्टरने वाहावा.

दुरुस्तीच्या वेळी तर मोबाइलवरच्या ‘बंद’वर विसंबणे धोक्याचेच. जुने वायरमन काम करताना किटकॅट फ्यूज उपसून खिशात घालत. फ्यूज खिशात असला की दुसऱ्या कोणी वीज सुरू करण्याचा प्रश्नच नसे. एमसीबी आले आणि ही सवय मागे पडली. आज तेच काम कुलूप लावता येणारा आयसोलेटर करतो: खटका खाली, कुलूप वर आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ने हेच सांगितले होते: वीज तोडणारे साधन चुकून ‘चालू’कडे सरकू शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. चार-पाच कामगारांची शेड कायद्याच्या व्याख्येत ‘कारखाना’ ठरत नाही. बोटे मात्र तिथेही दहाच असतात.

संकटकाळी दाबायचे लाल, छत्रीसारखे बटण वायफायवर अवलंबून असता कामा नये. त्याची तार सरळ कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत जावी आणि तीही अशी, की तार तुटली तरी मशीन थांबेल. बटण फिरवून सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ नये. दिव्यांचे सर्किट या तोडणीतून वगळावे. वीज तोडली तरी ग्राइंडरचे चाक काही सेकंद फिरतच असते आणि तेवढ्यात अंधार झाला तर माणूस नेमका त्याच्याकडेच धडपडतो. याउलट ग्राइंडर सुरू होताच धूळ ओढणारा ब्लोअर आपोआप चालू होत असेल, तर ते स्वयंचलन फुप्फुसांच्या भल्याचे.

विजेच्या धक्क्यापासून मात्र कोणताही स्मार्ट स्विच वाचवत नाही. साधारण १० ते १५ मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. त्याहून अधिक प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबीला एवढा प्रवाह जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवे. हातात धरायच्या ग्राइंडरच्या आणि ड्रिलच्या सॉकेटवर तर आधी तेच बसवावे, मग मोबाइलचा विचार करावा.

पॅनेल बसवून झाले की पैसे देण्याआधी इलेक्ट्रिशियनसमोर एक चाचणी घ्यावी. सगळी मशीन रिकामी चालवून मेन स्विच पाडायचा, मिनिटभराने पुन्हा चढवायचा. दिवे लागले आणि एकही मोटर हलली नाही, तर वायरिंगचा हा भाग बरोबर. मग राउटर बंद करून प्रत्येक लाल बटण दाबून पाहायचे.