जुन्या कॅसेट डिजिटल करून देण्याचा जोडधंदा : मशीन कोणतं घ्यायचं?

समजा, तुमचं भोंगवलीत झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर आहे, इंटरनेट आहे, दुपारी दोन-तीन तास रिकामेही जातात. जुन्या कॅसेटमधला आवाज पेनड्राइव्हवर करून देण्याचं काम तिथे बसेल का? बसेल. पण मशीन चुकलं तर पैसे अडकतील, आणि गिऱ्हाईकाची एकुलती एक कॅसेट खराब झाली तर ती कोणालाच भरून देता येणार नाही. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पूर्वी दुकानात 'कॅसेट भरून' मिळायची, तो हा धंदा नव्हे. कंपनीने विकलेल्या भक्तिगीतांच्या, लोकगीतांच्या, सिनेमाच्या कॅसेटवर कॉपीराइट असतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे. कॉम्पॅक्ट कॅसेटच मुळात १९६३ साली फिलिप्सने आणली आणि आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात घरोघरी गेली. म्हणजे गिऱ्हाईकाच्या ट्रंकेतली जवळपास प्रत्येक विकत घेतलेली कॅसेट अजून कोणाच्या तरी मालकीची आहे. त्यांच्या प्रती काढून विकायच्या नाहीत. आणि ती गाणी मोबाईलवर फुकट ऐकायला मिळत असताना त्यासाठी पैसे कोण देणार?

आपलं काम घरच्या कॅसेटचं. गावच्या भजनी मंडळाचा सप्ताह, लग्नातल्या मंगलाष्टका, मुंबईला कामाला गेलेल्या मुलाला पाठवलेला आईचा निरोप, आजीच्या ओव्या. अशा आवाजाची किंमत काय असते ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामावरून कळतं. त्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय यादी उभी केली आणि त्यासोबत १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण सांभाळलं गेलं. 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या आज ऐकता येतात. तिथे ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, ते मुद्दाम बघा. हे काम आपल्यालाही करायचंय.

आता मशीन. बाजारात वॉकमनसारखा यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. स्वस्त असतो, दिसायला छान असतो, केबल लावली की सुरू. धंद्यासाठी घेऊ नका. त्याची मोटर हलकी असते, त्यामुळे लांबवलेला सूर थरथरतो. भजनातली पेटी ऐकली की लगेच कळतं. आवाजाची पातळी कमी-जास्त करायची सोय बहुतेकात नसते. घरच्या पाच कॅसेटसाठी ठीक आहे, पण दुसऱ्याचे पैसे घ्यायचे असतील तर नाही.

घ्यायचा तो जुना, चालू स्थितीतला टेप डेक. मागे लाल-पांढऱ्या पिनांचं 'लाइन आउट' असलेला. नवीन डेक आजही टीॲक आणि टास्कॅम बनवतात, पण सुरुवातीला तेवढी गुंतवणूक नको. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे फिरा. त्याआधी भोर, नसरापूर, शिरवळकडच्या जुन्या साऊंडवाल्यांकडे आणि टीव्ही रिपेअरवाल्यांकडे चौकशी करा. एखादा डेक माळ्यावर पडून असतो.

दोन कॅसेटचा डेक बघून 'दुप्पट काम होईल' असं वाटतं. होत नाही. आउटपुट एकच असतं, एका वेळी एकच कॅसेट उतरवता येते. ऑटो-रिव्हर्सही शक्यतो टाळा. त्यात हेड किंवा पट्टीची दिशा उलटते आणि कालांतराने हेडची बैठक हलते. साधा, एका कॅसेटचा, भक्कम डेक या कामाला उत्तम.

डेक बघायला जाताना खिशात स्वतःची एक कॅसेट ठेवा, जिचं गाणं मोबाईलवरही आहे. दोन्ही एकदम लावा. डेक पुढे पळाला किंवा मागे पडला तर वेग चुकलाय. दोन्ही स्पीकरमधून आवाज येतो का, रिवाइंड शेवटपर्यंत जातं का, पट्टी संपल्यावर मशीन आपोआप थांबतं का, हे बघा. रबरी बेल्ट सैल झाला असेल तर घाबरू नका, तो बदलता येतो. पट्टी दाबून धरणारा रबरी रोलर कडक, चकचकीत झाला असेल तर भाव पाडा. हेडवर बोटाला लागेल अशी खाच पडली असेल तर सरळ परत या.

आता मुख्य मुद्दा, जो फार कमी लोक सांगतात. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो, याला ॲझिमथ म्हणतात. घरची कॅसेट ज्या टू-इन-वनवर टेप झाली, त्याचं हेड थोडं तिरकं असू शकतं. तुमचं हेड सरळ असेल तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा बसका वाटतो. अशा वेळी हेडफोन लावून स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवायचा. 'स', 'श', 'च' आणि टाळ जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करायचं. म्हणून डेक घेताना पुढचं झाकण काढून या स्क्रूपर्यंत पोचता येतं का ते तपासा. हे एवढं करणारा माणूस आणि नुसती केबल लावणारा माणूस यांच्या कामातला फरक गिऱ्हाईकाला पहिल्या मिनिटात कळतो.

डॉल्बीचं बटण घरच्या कॅसेटला बंद ठेवा. टू-इन-वनवर टेप करताना ते बहुधा नव्हतंच. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट तुमच्या डेकवर पळते आणि आजोबांचा आवाज पोरासारखा येतो. तो वेग नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचा, मूळ प्रत आहे तशीच उतरवायची.

डेक आणि कॉम्प्युटरच्या मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो. बेरिंगरचा यूसीए२०२ किंवा तसलाच लाइन इनपुटचा डबा सुरुवातीला पुरतो. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात केबल घालू नका, आवाज फाटतो. सॉफ्टवेअर ऑडासिटी, फुकट आहे. आवाजाची सर्वात उंच टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. जगभरची ध्वनिसंग्रहालयं किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पाळतात. सुरुवातीच्या इंटरफेसवर १६ बिट मिळेल, बोलण्याला आणि भजनाला चालेल. स्टिरिओ वेव्ह फाइल १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला तासाला साधारण ६०० एमबी होते. ती जपा, आणि मोबाईलसाठी वेगळी एमपीथ्री द्या.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट मुख्य डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या कॅसेटला लागते. पट्टी तुटली तर साधी चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद पाझरतो. जोडायची खास टेप येते. दर दोन-तीन कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लाइट जाते तेव्हा डेक मध्येच थांबतो आणि पट्टी रोलरमध्ये अडकू शकते, म्हणून छोटा यूपीएस हिशोबात धरा.

हिशोब असा मांडा. समजा सगळं मिळून १५,००० रुपये लागले, एका कॅसेटला १५० घेतले आणि ३० खर्च झाला. १२० सुटतात, म्हणजे १२५ कॅसेटला भांडवल निघतं. ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटंच लागतात, घाई करून चालत नाही. दुकान सांभाळून दिवसाला चार कॅसेट धरल्या तर बत्तीस दिवसांचं काम झालं. पण १२५ कॅसेट एकट्या भोंगवलीत मिळतील असं धरू नका. आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांना आधी भेटा. पाच मंडळांकडून कॅसेटची मोजदाद कागदावर आली की मगच डेक घ्यायला निघा.

कॅसेट हातात घेतानाच दोघांसमोर फोटो काढा, आधीच काय बिघडलंय ते पावतीवर लिहा आणि 'चालेलच असं नाही' हेही लिहून सही घ्या. त्याच वेळी विचारा : आवाज कोणाचा, गाव कोणतं, साल साधारण कोणतं? फाइलचं नाव त्यावरूनच द्यायचं. 'ट्रॅक १' नको, 'आजीच्या ओव्या, भोंगवली, १९८८' असं हवं. आणि काम झाल्यावर मूळ कॅसेट रिवाइंड करून, डबीत घालून परत द्या.