‘जरासा करंट’ जरासा नसतो : लाईनमनच्या घरासाठी

मे-जूनच्या वादळात बेसा, पिपळा, मनीषनगरकडे लाईन गेली की दहा मिनिटांत फोन सुरू होतात. कुलर बंद, लेकरं घामाने भिजलेली, पाणी चढत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "लाईन केव्हा येणार?" त्याच वेळी कुणीतरी हेल्मेट चढवून, खांद्यावर झुला टाकून खांबाकडे निघालेला असतो. हा कुणीतरी पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला, अप्रेंटिसशिप झालेली, आणि कायम नोकरीची वाट पाहत ठेकेदाराकडे राबणारा.

महावितरण आपल्या लाईन कर्मचाऱ्यांना ‘जनमित्र’ म्हणते. ४ मार्चला लाईनमन दिवसही साजरा होतो. पण या माणसाच्या तब्येतीविषयी घरात क्वचितच बोलणे होते. आम्ही वॉर्डात काम केले, आता वस्त्यांमध्ये फिरतो. दोन्हीकडे एकच वाक्य ऐकतो : "काही नाही ताई, जरासा करंट लागला." आजचे पान या वाक्याबद्दल आहे.

अपघात होतो कसा?

कामाचा नियम साधा आहे. लाईन बंद करायची, उपकेंद्रातून परमिट घ्यायचे, टेस्टरने तपासायचे, काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे, आणि मगच हात लावायचा. परमिट ज्याने घेतले त्यानेच ते परत करायचे. यातली एक पायरी गाळली की जीव टांगणीला लागतो. घाई, रात्र, पाऊस, लोकांची आरडाओरड, वरून साहेबाचा फोन, आणि जोडीला कमी माणसे. अशा वेळी ‘बंद आहे ना, चढ’ एवढ्यावर काम सुरू होते. कधी एकाच खांबावर दोन फिडर असतात. एक बंद असते, दुसरे चालू.

यात आपल्या घरांचाही हात आहे, हे ध्यानात घ्या. चेंजओव्हर स्विच न लावता जोडलेले जनरेटर किंवा चुकीचे वायरिंग केलेले इन्व्हर्टर उलटा प्रवाह लाईनवर सोडते. त्याला लाईनमन ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात. हा २३० व्होल्टचा प्रवाह डीपीतून उलटा गेला तर ११ हजार व्होल्टच्या लाईनवर चढू शकतो. वरून बंद केलेली लाईन खालून जिवंत होते. दोन्ही बाजूंना अर्थिंग करतात ते यासाठीच. लग्नात, कार्यक्रमात जनरेटर आणाल तेव्हा जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आकडा टाकणाऱ्यालाही वेळीच थांबवा.

बाहेर डाग, आत जखम

चुलीचा किंवा गरम पाण्याचा चटका कातडीपासून आत जातो. विजेचे तसे नाही. करंट एका ठिकाणी शिरतो, दुसऱ्या ठिकाणाहून बाहेर पडतो आणि मधल्या वाटेवर स्नायू, नसा, रक्तवाहिन्या भाजतो. म्हणून हातावर रुपयाएवढा काळा डाग दिसतो, पण आतून सगळा हात गेलेला असू शकतो.

तीन धोके घरच्यांनी ओळखायला हवेत. पहिला हृदयाचा. करंटने ठोक्यांची लय बिघडते. तेव्हा माणूस बोलतो-चालतो म्हणून निर्धास्त राहू नका, ईसीजी काढल्याशिवाय कळत नाही. दुसरा किडनीचा. भाजलेल्या स्नायूंचे द्रव्य रक्तात उतरते आणि किडनी बंद पाडू शकते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर एक तासही थांबू नका. तिसरा हातापायाचा. आतून सूज वाढते, हात दगडासारखा घट्ट होतो, बोटे सरळ करताना असह्य कळ येते, मुंग्या येतात. वेळेत शस्त्रक्रिया करून दाब मोकळा केला नाही तर हात कापावा लागू शकतो.

शिवाय खांबावरून पडल्यामुळे मान, कणा आणि डोक्याला मार बसतो तो वेगळाच.

पहिली दहा मिनिटे

मोठ्या लाईनचा करंट असेल तर जवळ धावू नका. तुटलेल्या तारेपासून निदान तीस फूट दूर राहा, इतरांनाही रोखा. १९१२ वर फोन करून लाईन बंद करायला सांगा, १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. खांबावर कुणी लटकत असेल तर स्वतः चढू नका. कोरडी काठी, चप्पल, लाकडी पाट हे उपाय फक्त घरातल्या करंटसाठी आहेत. तिथेही आधी मेन स्विच बंद करायचा. ११ हजार व्होल्टपुढे लाकूड वाचवत नाही.

लाईन बंद झाल्याची खात्री झाली की माणसाला हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येत आहेत, तर आचके म्हणजे श्वास समजू नका. त्याला सपाट जमिनीवर उताणा ठेवा. छातीच्या मधोमध एक तळहात, त्यावर दुसरा ठेवा आणि कोपर ताठ ठेवून दोन इंच खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. थकलात तर दुसऱ्याने हात बदलायचा, पण थांबायचे नाही. करंटने थांबलेले तरुण हृदय पुन्हा सुरू होऊ शकते. मदत येईपर्यंत दाबत राहा.

अंगठी, कडे, घड्याळ, हातातला धागा काढा. भाजलेल्या जागेवर साधे पाणी घाला आणि स्वच्छ कपडा झाका. पडलेला असेल तर मान-पाठ वळवू नका.

आणि हे अजिबात करू नका : मातीत किंवा वाळूत पुरणे, टूथपेस्ट, हळद, शाई लावणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे. ‘माती करंट ओढून घेते’ हा गैरसमज आहे. तार सुटली की अंगात करंट उरतच नाही, त्याने केलेली इजा उरते. खड्डा खणण्यात जातो तो वेळ छाती दाबण्याचा असतो.

बेसाकडच्या लोकांना मेडिकल आणि मिहानचे एम्स, दोन्ही हाताशी आहेत. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा : किती वाजता लागला, कोणत्या लाईनचा, कुठे शिरला आणि कुठून निघाला, पडला का.

कागद नीट करा

दवाखान्यात केसपेपरवर ‘कामावर असताना करंट लागला’ हेच लिहून घ्या. "घरी पडला म्हणून सांग, उगाच भानगड नको" असा सल्ला देणारे भेटतात. त्या एका वाक्याने भरपाई बुडते. कामावर झालेल्या इजेची भरपाई कंत्राटी कामगारालाही मिळते. ठेकेदाराने दिली नाही तर ज्या कंपनीचे काम होते तिच्याकडे मागता येते. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अपघात कळवणे बंधनकारक आहे आणि विद्युत निरीक्षक त्याची चौकशी करू शकतात. ईएसआयसी कार्ड असेल तर सोमवारीपेठेतले कामगार विमा रुग्णालय आपले आहे. पगार जमा झाल्याची बँकेची नोंद, ओळखपत्र, कामावर बोलावल्याचे मेसेज, हजेरी, सगळ्यांच्या प्रती आईकडे किंवा बायकोकडे असू द्या. अपघातानंतर शोधाशोध त्यांनाच करावी लागते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचा कारभारही त्या वेळी त्याच खात्याकडे होता. वीज आणि वीज पोहोचवणाऱ्या मजुराचा जीव, हे दोन्ही विषय एकाच टेबलावर होते. आजही ते तसेच पाहायला हवेत.

नंतरचे महिने

जखम भरली म्हणजे सगळे संपले असे नाही. करंट डोक्या-मानेजवळून गेला असेल तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी मोतीबिंदू होतो. पंचविशीच्या पोराला धुसर दिसू लागले तर डोळे तपासा आणि जुन्या करंटची गोष्ट डॉक्टरांना सांगा. झोप उडणे, चिडचिड, खांब पाहून हात थरथरणे यालाही उपचार आहेत. घरच्यांनी त्याला ‘भित्रा’ म्हणू नये.

उन्हाळ्यात कामावर निघताना त्याच्या पिशवीत दोन बाटल्या पाणी आणि मीठ-साखरेची पुडी द्या. चक्कर येत असताना खांबावर चढणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे.

महिला मंडळांना आमचे सांगणे आहे : येत्या रविवारी विहारात सभा असेल तेव्हा अर्धा तास छाती दाबण्याच्या सरावाला द्या. उशी घेऊनही शिकता येते. आणि पुढच्या वेळी लाईन गेली, वस्तीतले पोरगे खांबावर दिसले, तर खालून ओरडू नका. त्याला परमिट, टेस्टर आणि अर्थिंगचा वेळ घेऊ द्या. कुलर अर्धा तास उशिरा लागला तरी चालेल.