सेमी-इंग्रजीचा हिशेब

मुंबई-पुण्यातील अनेक अनुदानित मराठी शाळांना ‘सेमी-इंग्रजी’चा वर्ग काढणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. पटसंख्येची गळती थोपवावयाची तर गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उर्वरित विषय मराठीतून, ही तडजोड पालकांपुढे ठेवावीच लागते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेचे शुल्क न पेलणाऱ्या कुटुंबाला ती स्वस्त वाटते, आणि ती स्वस्त आहेही. प्रश्न एवढाच की, तिच्यातून पदरात काय पडते?

या व्यवस्थेत भाषांची वाटणी विषयवार झाली आहे. प्रकाशसंश्लेषणाची इंग्रजी व्याख्या बिनचूक लिहिणारा मुलगा तीच क्रिया आजीला मराठीत सांगताना अडखळतो. पानिपतावर मराठीत चार पाने लिहिणाऱ्या मुलीला त्याच विषयावर इंग्रजीत चार वाक्ये जुळविता येत नाहीत. दोन्ही भाषा थोड्याफार येतात. एकीतून दुसरीत जाता येत नाही. शहरातील बराचसा रोजगार मात्र नेमका या ये-जा करण्यावरच उभा आहे. बँकेची शाखा, विमा कार्यालय, इस्पितळाची नोंदणी-खिडकी येथे कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि समोरचा माणूस मराठीत विचारीत असतो.

वाणिज्य शाखेत ही फट अधिक रुंद होते. बारावीपर्यंत मराठीतून पुस्तपालन शिकलेल्या मुलाला खतावणी, तेरीज, घसारा हे सारे नीट कळलेले असते. कचेरीतल्या संगणकावर मात्र लेजर, ट्रायल बॅलन्स, डिप्रिसिएशन असे शब्द झळकतात. हिशेब तोच, तरीही पहिले काही महिने तो अडाणी ठरतो. उलट, इंग्रजीतून शिकलेल्याला किराणा दुकानदाराला घसारा म्हणजे काय हे सांगता येत नाही. (वास्तविक, खतावणी ही पेढीवरचीच, शाळेने ती बाजाराकडून उसनी घेतली!)

धोरणकर्त्यांचे लक्ष मात्र सदैव संख्येवर राहिले. उच्च माध्यमिक स्तरावरील 10 टक्के विद्यार्थी 1990पर्यंत आणि 25 टक्के 1995पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळवावेत, असे 1986च्या राष्ट्रीय धोरणाने ठरविले. ही मुदत पुढे वाढवावी लागली. 2020च्या धोरणाने 2025पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या धोरणात द्विभाषिक पुस्तकांची सूचना आहे, पण ती गणित व विज्ञान यांच्यापुरती. व्यवसाय कोणत्या भाषेत करावयाचा, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत घोकंपट्टी होती, हे खरे. पण मराठी वाक्य घेऊन इंग्रजीत जाण्याची आणि परतण्याची वाट पायाखालची होत असे. पुढे भाषांतर कालबाह्य ठरले आणि वर्गातून ही वाटच पुसली गेली.

ती पुन्हा पाडावयास फार मोठा खर्च नको. भाषा संचालनालयाचे वाणिज्यशास्त्राचे व अर्थशास्त्राचे परिभाषा कोश छापून तयार आहेत. त्यांतील निवडक संज्ञा प्रत्येक पाठाच्या शेवटी दोन्ही भाषांत देता येतील. बारावीच्या पुस्तपालनात 80 गुणांच्या लेखी परीक्षेला 20 गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनाची जोड आहे. त्यात एखाद्या कंपनीचा छापील इंग्रजी ताळेबंद विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याचा अर्थ मराठीत तोंडी सांगावयास लावणे अशक्य नाही. अडचण आहे ती परीक्षकाची. तोही याच शाळांतून, एकाच भाषेत एक विषय शिकून, वर्गावर आलेला असतो.