परदेशी शिक्षणाची इंग्रजी परीक्षा : वाचनाच्या पेपरची तयारी घरी कशी करावी



पोहरादेवी, मानोरा या आपल्या भागातल्या तांड्यांतून नि गावांतून आता पदवी झालेली मुले-मुली दिसू लागली आहेत. त्यांतल्या काहींच्या मनात परदेशी जाऊन पुढे शिकावे असे येते. मग घरात पहिला सवाल निघतो, "ते इंग्रजीची परीक्षा म्हणतात ते काय असते, अन् क्लासले पैसे किती लागतील?" ऊसबिलातून पैसा काढून द्यायचा तो आईबापांनी. तेव्हा ही परीक्षा नेमके काय मागते, हे आईबापांनाही माहीत असलेले बरे. या लेखात त्या परीक्षेतल्या एकाच भागाची, म्हणजे वाचनाच्या पेपरची माहिती देत आहोत. कारण चार भागांपैकी हाच भाग असा आहे की ज्याची तयारी क्लासशिवाय, घरच्या ओसरीवर बसून पुरी होऊ शकते. बोलायला समोर माणूस लागत नाही, निबंध तपासायला मास्तर लागत नाही. उत्तरे ठरलेली असतात आणि ती आपली आपण तपासता येतात.

परीक्षेचे स्वरूप

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा वगैरे देशांत सर्वात जास्त चालणारी परीक्षा म्हणजे आयईएलटीएस. लोक तिला 'आयेल्ट्स' म्हणतात. ती १९८९ पासून सुरू आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे तिचे चार भाग. प्रत्येक भागाला ९ पैकी गुण मिळतात, त्याला 'बँड' म्हणतात. पुष्कळ विद्यापीठे एम.एस्सी.सारख्या शिक्षणासाठी एकंदर ६.५ बँड मागतात आणि वर अशी अट घालतात की कोणत्याही एका भागात ६ च्या खाली येता कामा नये. म्हणजे तीन भागांत पोरगा चांगला निघाला आणि वाचनात ५.५ वर अडला, तर प्रवेश तिथेच अडतो.

वाचनाच्या पेपरला वेळ ६० मिनिटे. उतारे तीन, प्रश्न ४०. तिन्ही उतारे मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द भरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नये. ४० पैकी सुमारे २३ उत्तरे बरोबर आली तर ६ बँड, सुमारे ३० आली तर ७ बँड. म्हणजे एका बँडचे अंतर सातच प्रश्नांचे आहे.

हा हिशेब 'ॲकॅडेमिक' प्रकाराचा झाला. विद्यापीठासाठी तोच लागतो. दुसरा 'जनरल ट्रेनिंग' नावाचा प्रकार बहुधा नोकरी व स्थलांतरासाठी असतो. त्याचे उतारे सोपे असतात, पण ३० उत्तरांना तिथे ६ च बँड मिळतो. फॉर्म भरतानाच कोणता प्रकार हवा ते विद्यापीठाच्या अटी वाचून ठरवावे.

पोरे कुठे अडतात?

आपल्या भागातल्या कित्येक मुलांच्या घरात गोरबोली, शाळेत मराठी आणि मग तिसरी इंग्रजी. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. त्याआधीच्या पिढीला ती पाचवीला भेटत असे. त्यामुळे इंग्रजी वाचायचे म्हणजे शब्दन् शब्द मनात मराठीत फिरवायचा, अशी सवय आपल्याकडे पडलेली आहे. शाळेच्या परीक्षेत ती चालते, इथे चालत नाही. हिशेब करून पाहा. मिनिटाला १०० शब्द वाचणाऱ्याला २,७५० शब्द एकदा वाचायलाच २७ ते २८ मिनिटे लागतात. उरली ३२, आणि प्रश्न ४०. एका प्रश्नाला पुरते मिनिटही येत नाही. जो अडलेल्या शब्दावर थांबला त्याचा तिसरा उतारा राहिलाच म्हणून समजा.

दुसरी अडचण शब्दांची नाही, विचाराची आहे. प्रश्नांत असा एक प्रकार असतो की खाली काही विधाने देतात आणि प्रत्येकापुढे 'खरे', 'खोटे' किंवा 'उताऱ्यात सांगितलेले नाही' यांपैकी एक लिहायचे असते. हुशार मुलेही इथे गुण घालवतात. आपल्याच गावचा नमुना घेऊ.

उतारा : "पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. यात्रेला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा व कर्नाटकातूनही बंजारा भाविक येतात. येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले."

विधाने :
१) पोहरादेवीची यात्रा रामनवमीला भरते.
२) यात्रेला फक्त महाराष्ट्रातील भाविक येतात.
३) संग्रहालय झाल्यापासून यात्रेची गर्दी वाढली आहे.

पहिले खरे. दुसरे खोटे, कारण उतारा स्पष्ट उलट सांगतो. तिसऱ्याला आपल्यापैकी कोणीही पटकन 'खरे' म्हणेल किंवा 'खोटे' म्हणेल, कारण आपण यात्रा डोळ्यांनी पाहिलेली असते. पण उताऱ्यात गर्दी वाढली की घटली याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून बरोबर उत्तर 'सांगितलेले नाही'. परीक्षक आपल्याला काय ठाऊक आहे ते विचारत नाही, कागदावर काय आहे ते विचारतो. शेतीवरचा, पाण्यावरचा उतारा आला की शेतकऱ्याच्या पोराला जास्त सांभाळावे लागते. तिथे त्याला स्वतःचे ज्ञान फार असते आणि तेच आड येते.

तिसरी अडचण अशी की प्रश्नात उताऱ्यातलेच शब्द येत नाहीत. उताऱ्यात 'पावसाने ओढ दिली' असेल तर प्रश्नात 'पर्जन्यमान घटले' असे असते. अर्थ एक, शब्द निराळे. शब्द शोधणारा फसतो, अर्थ शोधणाऱ्याला ओळ सापडते.

तीन महिन्यांची आखणी

पहिला महिना : घड्याळ नको. रोज एक-दोन पाने इंग्रजी वाचावे. त्यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. बालभारतीची इंग्रजी माध्यमाची नववी-दहावीची विज्ञान आणि भूगोलाची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाने तोच धडा आता इंग्रजीत वाचावा. मजकूर ओळखीचा असल्यामुळे नवा शब्द कोशाशिवाय उमगतो. परीक्षेतले उतारेही विज्ञान, इतिहास, निसर्ग, समाज अशाच विषयांचे असतात. नवे शब्द वहीत लिहावेत, पण सुटा शब्द लिहू नये, पुरे वाक्य लिहावे.

दुसरा महिना : प्रश्नांचे प्रकार एकेक करून घ्यावेत. परीक्षा घेणाऱ्या संस्था आपल्या संकेतस्थळांवर नमुना पेपर मोफत देतात, आणि केंब्रिजने काढलेले सराव-पेपरचे संच बाजारात मिळतात. उत्तर चुकले की नुसते बरोबर उत्तर पाहून पुढे जाऊ नये. ते उताऱ्यात कोणत्या ओळीत होते ती ओळ पेन्सिलीने खूण करून शोधावी. खरी तयारी ती हीच. दहा पेपर न तपासता सोडवण्यापेक्षा दोन पेपर ओळ शोधून तपासलेले बरे.

तिसरा महिना : आता घड्याळ समोर ठेवावे. उतारे पुढे पुढे अवघड होत जातात, म्हणून पहिल्याला १५, दुसऱ्याला २० व तिसऱ्याला २५ मिनिटे अशी वाटणी सोयीची पडते. आधी उताऱ्याचे शीर्षक व प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य पाहावे, मग प्रश्न वाचावेत, मग उत्तरासाठी त्या जागी परत जावे. एका प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त अडून बसू नये. खूण करून पुढे चालावे.

दोन बारीक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले तर अर्थ बरोबर असूनही गुण नाही. स्पेलिंग चुकले तरी नाही. आणि परीक्षा कागदावर असेल तर उत्तरे त्या ६० मिनिटांतच उत्तरपत्रिकेवर उतरवावी लागतात. कागदावरच्या ऐकण्याच्या भागाला त्यासाठी १० मिनिटे जादा असतात, वाचनाला नसतात.

आईबापांनी काय करावे?

इंग्रजी येत नाही म्हणून आपला उपयोग नाही, असे समजू नये. रोज रात्री जेवण झाल्यावर मुलीला सांगावे, "आज काय वाचलं ते मले सांग." प्रत्येक परिच्छेदाचे सार तिने एका वाक्यात, मराठीत म्हणा की गोरबोलीत म्हणा, सांगावे. आईला ते समजले तर मुलीलाही समजले आहे. आईला नाही उमगले, तर मुलीने तो परिच्छेद पुन्हा वाचावा. परिच्छेदाला योग्य शीर्षक जोडा, असा एक प्रश्नप्रकार परीक्षेत असतो. त्याचा याहून चांगला सराव नाही. शिवाय तिला रोज एक तास सलग, कामाला हाक न मारता, मोकळा द्यावा. ऊसतोड सुरू असली तरी द्यावा.

पैशाची बाब

परीक्षेची फी १७ ते १८ हजार रुपयांच्या घरात आहे. निकाल दोन वर्षेच चालतो. म्हणून घाईने परीक्षा देऊन ठेवू नये. घरी सोडवलेल्या नमुना पेपरांत लागोपाठ चार-पाच वेळा ३० च्या आसपास उत्तरे बरोबर येऊ लागली, तरच वाचनापुरती तयारी झाली असे समजावे. बाकी तीन भागही तसेच पाहून मग फी भरावी. ओळखीसाठी पासपोर्ट लागतो, तो आधी काढून ठेवावा. "परीक्षा न देता बँड मिळवून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. तसे प्रमाणपत्र खोटे असते आणि ते पकडले गेले की मुलाचे पुढचे दार बंद होते. आणि हेही जाणावे की बँड मिळाला म्हणजे प्रवेश किंवा व्हिसा मिळाला असे नव्हे. ती फक्त पहिली चाळणी आहे.

खर्चाला राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना आहे. आपला बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. जागा मोजक्या असतात, अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले राजू केंद्रे यांना २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली व ते लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. त्यांची एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना उच्च शिक्षणासाठी मार्गदर्शन करते. तेव्हा ही वाट आपल्या विदर्भातल्या पोरांनी चाललेली आहे, अगदी अनोळखी नाही.

उसाला पाण्याची पाळी चुकली की मागून दुप्पट पाणी देऊन नुकसान भरून निघत नाही. वाचनाचेही तसेच आहे. शेवटच्या पंधरवड्यात रात्र रात्र जागून ते येत नाही, रोजच्या एका तासाने येते. आपल्या घरात या वयाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर हा अंक त्यांच्या हाती द्यावा, ही सर्व सभासदांना विनंती.

जय सहकार!