पर्यावरण-परीक्षण खात्याचें अंदाजपत्रक : कॅनडाचें एक उदाहरण

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं प्रत्येक जाणता शेतकरी मनाशीं एक हिशेब मांडतो. बीं किती, खत किती, मजुरी किती, आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणीस हाताशीं काय उरेल. जो हा हिशेब मांडीत नाहीं, त्याचें काम अर्ध्या हंगामांत सावकाराच्या ओट्यावर जाऊन थांबतें. सरकारी खात्याची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. कायद्याच्या पुस्तकांत एखादें काम लिहिलें म्हणजे तें झालेंच, असें नव्हे. त्या कामास वर्षारंभीं पैसा मांडला आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

धरण, खाण, महामार्ग किंवा कारखाना यांच्या निमित्तानें ‘पर्यावरण-परीक्षण’ हा शब्द आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर आला असेल. एखाद्या मोठ्या कामानें पाणी, जमीन, हवा आणि माणसांचें जीवन यांवर काय परिणाम होतील, हें काम सुरू होण्यापूर्वीं तपासणें म्हणजे हें परीक्षण. परंतु परीक्षण करणारें खातें आपला खर्च कसा योजतें, इकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. या लेखांत आम्ही कॅनडा देशाच्या अशा खात्याचें उदाहरण घेतों. त्याचे कागद दरवर्षीं उघड छापले जातात, आणि तेथील सरकारी वर्षही आपल्याप्रमाणेंच १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत असतें; म्हणून तें समजण्यास सोपें आहे.

खात्याची घडण

कॅनडांत या परीक्षणाची सुरुवात १९७३ सालीं मंत्रिमंडळाच्या एका निर्णयानें झाली. त्यास स्वतंत्र कायद्याचा आधार १९९५ पासून मिळाला. २०१२ मध्यें तो कायदा बदलून नवा आला, आणि २८ ऑगस्ट २०१९ पासून सध्यांचा ‘इम्पॅक्ट असेसमेंट’ कायदा व त्याच नांवाची एजन्सी अस्तित्वांत आली. तिचें मुख्य ठाणें ओटावा येथें आहे.

या कायद्यानें कामाच्या मुदती घालून दिल्या आहेत. आरंभींच्या आखणीस १८० दिवस. कंपनीनें आपला अभ्यास-अहवाल तयार करण्यास तीन वर्षांपर्यंत. नंतर खात्यानें तो तपासण्यास ३०० दिवस. वाचकांनीं येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. अभ्यास-अहवालाचा खर्च कंपनी करते. पण तो तपासण्याचा, लोकांचें म्हणणें ऐकण्याचा आणि निर्णयानंतर घातलेल्या अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहण्याचा भार मुख्यतः सार्वजनिक तिजोरीवर असतो. अंदाजपत्रकाचा प्रश्न उद्भवतो तो या दुसऱ्या भागांत.

पैसा केव्हां आणि कसा मिळतो

रिवाजाप्रमाणें १ मार्चपूर्वीं सरकार पार्लमेंटापुढें सर्व खात्यांच्या मुख्य मागण्या मांडतें. निवडणूक आली तर ही तारीख मागें-पुढें होते. त्यापाठोपाठ प्रत्येक खातें आपली ‘खाते-योजना’ सादर करतें. तींत येत्या तीन वर्षांचा योजिलेला खर्च, त्या खर्चानें कोणतें काम साधावयाचें, आणि किती पूर्णवेळ माणसें लागतील, हीं तिन्ही एकाच जागीं दिलेलीं असतात. एप्रिलपासूनचे पहिले तीन महिने हंगामी मंजुरीवर निघतात. उरलेल्या वर्षाची मंजुरी जूनमध्यें मिळते. मध्येंच नवें काम उपटलें तर पुरवणी मागण्या येतात. वर्ष सरल्यावर शरदांत निकालाचा अहवाल निघतो, आणि योजिलेला खर्च व झालेला खर्च शेजारीं-शेजारीं छापला जातो. ज्यास खात्याची पारख करावयाची आहे, त्यानें हे दोन कागद समोरासमोर ठेवावेत. एकटी योजना म्हणजे नुसती पेरणी. पीक पाहावयाचें तर दुसरा कागद हवा.

वर्षांत न खर्चिलेला पैसा सामान्यतः तिजोरींत परत जातो. चालू खर्चापैकीं फार तर शेंकडा ५ पर्यंतची रक्कम पुढील वर्षीं नेतां येते. त्यामुळें खातें हात आंखडून बसलें तरी नुकसान, आणि हात सैल सोडला तरी अडचण.

खर्च कशाचा

या खात्याजवळ गोदामें नाहींत, कालवे नाहींत. त्याचा खर्च बहुतांशीं माणसांचा आहे. पाण्याचा जाणता, मासळीचा जाणता, भूगर्भाचा जाणता, मूळ रहिवाशांशीं बोलणी करणारा, इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांत सर्व कागद उतरविणारा, आणि काम सुरू झाल्यावर जागेवर जाऊन अटी तपासणारा, अशीं हीं माणसें. म्हणून रकमेबरोबर माणसांची संख्या वाचणें अगत्याचें आहे. रक्कम तीच राहिली आणि माणसें कमी झालीं, तर तपासणीचे ३०० दिवस कागदावर तेच राहतात, पण प्रत्येक अहवालावर फिरणारे डोळे कमी होतात.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. या खात्यास आपलें काम स्वतः ठरवितां येत नाहीं. किती कंपन्या किती खाणी काढावयास येतील, हें धातूच्या आणि तेलाच्या भावावर अवलंबून असतें. अहवालास तीन वर्षांची मुभा असलेली कंपनी सहा महिन्यांतही येईल, किंवा मध्येंच काम सोडून देईल. कांहीं परीक्षणांचा खर्च, विशेषतः स्वतंत्र मंडळ नेमून होणाऱ्या चौकशीचा, कंपनीकडून वसूल करतां येतो. पण कंपनीच आली नाहीं तर ती जमाही येत नाहीं. १३ ऑक्टोबर २०२३ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा बराच भाग राज्यघटनेच्या मर्यादेबाहेर ठरविला, आणि जून २०२४ मध्यें त्यांत दुरुस्ती करावी लागली. असा निकाल कोणत्या अंदाजपत्रकांत आधीं मांडतां येणार? पावसावर शेती करणाऱ्या आमच्या वाचकांस या खात्याची स्थिति वेगळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मुदतीचा पैसा

सरकारी आंकड्यांत एक खुबी असते, ती ओळखावी. कांहीं पैसा कायमचा असतो आणि कांहीं ठरावीक वर्षांपुरता. २०१८ च्या अंदाजपत्रकांत कॅनडा सरकारनें नव्या परीक्षण-पद्धतीसाठीं पांच वर्षांत सुमारे १ अब्ज डॉलरपर्यंत देण्याचें ठरविलें. ही रक्कम एकट्या या खात्याची नव्हती. शास्त्रीय ज्ञान पुरविणाऱ्या व पाणी, मासळी आणि जलमार्ग सांभाळणाऱ्या इतर खात्यांचाही तींत वांटा होता. पांच वर्षें संपण्याच्या सुमारास, २०२२ च्या शरदांतील आर्थिक निवेदनांत, पुन्हा सहा वर्षांसाठीं सुमारे १.२८ अब्ज डॉलरची तरतूद अनेक खात्यांत मिळून जाहीर झाली.

अशा मुदतीच्या पैशामुळें तीन वर्षांच्या तक्त्यांत तिसऱ्या वर्षाचा आंकडा पुष्कळदां एकदम खालीं उतरलेला दिसतो. काम तितकेंच असतां पैसा कमी कां, असा प्रश्न वाचणाऱ्यास पडतो. उत्तर एवढेंच कीं मुदत संपते आहे आणि नवी मंजुरी अजून यावयाची आहे. परंतु ज्या माणसास दोन वर्षांनीं आपली जागा राहील कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, तो पांच वर्षें चालणाऱ्या परीक्षणाचा धागा शेवटपर्यंत धरून बसेल, अशी खात्री कोण देणार? विहीर अर्धी खणून कर्जाचा हप्ता थांबला म्हणजे काय होतें, हें आपण जाणतोंच.

बोलणाऱ्यास वाटखर्च

आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक लहानशी बाब. सध्यांचा कायदा खात्यावर असें बंधन घालतो कीं, सुनावणींत भाग घेणाऱ्या लोकांस द्रव्यसाहाय्य देण्याची योजना त्यानें चालवावी. गांवकऱ्यांचा प्रवास, त्यांच्या बाजूनें अहवाल वाचून मत देणाऱ्या तज्ज्ञाची फी, अशा खर्चास ही मदत मिळते.

ही कल्पना रूढ होण्यांत एका चौकशीचा मोठा हात आहे. उत्तर ध्रुवाकडील नैसर्गिक वायु मॅकेंझी नदीच्या खोऱ्यांतून दक्षिणेस आणण्याची एक योजना होती. तिच्या चौकशीसाठीं १९७४ सालीं न्यायमूर्ति थॉमस बर्जर यांची नेमणूक झाली. त्यांनीं पस्तीस वस्त्यांत जाऊन लोकांच्या जबान्या ऐकल्या. कंपन्यांजवळ वकील व शास्त्रज्ञ पुष्कळ, आणि शिकार-मासेमारीवर जगणाऱ्या लोकांजवळ कांहींच नाहीं, ही विषमता त्यांनीं ओळखली आणि त्यांच्या शिफारसीनें सरकारनें या पक्षांस पैसा दिला. पण तो उधळला नाहीं. मागणाऱ्याचा हितसंबंध स्पष्ट असावा, त्याचें म्हणणें दुसरा कोणी मांडीत नसावा, त्या विषयाशीं त्याचा पूर्वीपासून संबंध असावा, स्वतःजवळ साधन नसावें, आणि पैसा कसा खर्चणार हें सांगून त्याचा हिशेब द्यावा, अशा अटी होत्या. १९७७ सालीं अहवाल आला. मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कांचा निकाल लागावा म्हणून खोऱ्यांतील काम दहा वर्षें लांबणीवर टाकावें, असें न्यायमूर्तींनीं सुचविलें. ती नळवाट पुढें झाली नाहीं.

साधन अपुरें पडलें म्हणजे

उलट बाजूचें उदाहरण शेतकऱ्यांच्या अधिक जवळचें आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत पीस नदीवर ‘साईट सी’ हें धरण बांधण्याचें ठरलें. त्याचा जलाशय ८३ किलोमीटर लांबीचा. नदीकांठची सुपीक जमीन त्याखालीं जाणार होती. केंद्र व प्रांत यांनीं मिळून मंडळ नेमलें. डिसेंबर १९१३ नव्हे, २०१३ च्या डिसेंबरांत सुनावणी सुरू होऊन पुढील जानेवारींत संपली, आणि मे २०१४ मध्यें मंडळाचा अहवाल आला. धरणाचा खर्च तेव्हां ७.९ अब्ज डॉलर सांगितला होता. हा आंकडा कितपत बरोबर, हें ठरविण्यास आपणांजवळ माहिती, वेळ आणि साधनें नाहींत, असें मंडळानें स्वच्छ लिहिलें, आणि तो प्रांताच्या वीज-दर आयोगाकडून तपासून घ्यावा अशी शिफारस केली. प्रांत-सरकारनें त्या वेळीं तसें केलें नाहीं. २०१५ मध्यें बांधकाम सुरू झालें, आणि आयोगाकडे प्रश्न गेला तो २०१७ मध्यें. २०२१ सालीं तोच खर्च १६ अब्ज डॉलरवर गेल्याचें जाहीर झालें. २०२४ च्या शरदांत जलाशय भरला आणि जमीन पाण्याखालीं गेली.

मंडळास अधिक साधन मिळतें तर धरण झालेंच नसतें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तपासणीचा खर्च वाचवून कोट्यवधींचा प्रश्न न तपासतां पुढें जाणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे, एवढें यावरून दिसतें.

आपल्याकडे काय करावें

आपल्या देशांत १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनें जनसुनावणीची रीत घालून दिली आहे. राज्याचें प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतें; निदान ३० दिवस आधीं सूचना द्यावी लागते; अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत मिळावा लागतो, आणि मसुदा जिल्हाधिकारी कचेरी व जिल्हा परिषदेंत पाहावयास ठेवलेला असतो. अहवाल येथेंही कंपनीच्याच खर्चानें तयार होतो. मात्र सुनावणीस येणाऱ्या शेतकऱ्यास तज्ज्ञ गांठण्यासाठीं द्रव्यसाहाय्य देण्याची तरतूद त्या अधिसूचनेंत नाहीं.

तीस दिवसांत जाडजूड अहवाल मिळवावयाचा, तो जाणत्याकडून वाचून घ्यावयाचा, विहिरींच्या पाण्याची व जमिनीची तपासणी करून घ्यावयाची, आणि लेखी हरकत द्यावयाची, यास पैसा लागतो. सूचना निघाल्यावर वर्गणी गोळा करूं लागल्यास दिवस त्यांतच संपतात. आमची सूचना अशी आहे कीं, जेथें असें मोठें काम येण्याचा संभव आहे, तेथील शेतकरी मंडळांनीं वार्षिक सभेंत या कामासाठीं एक स्वतंत्र बाब मांडावी, थोडी कां होईना रक्कम दरवर्षीं बाजूस ठेवावी, आणि बर्जर यांच्या अटींप्रमाणें तिचा चोख हिशेब ठेवावा. आज निरोगी असलेल्या विहिरीचें पाणी आजच तपासून तो दाखला दप्तरीं ठेवला, तर उद्यां तोच पुरावा होईल. सुनावणीच्या मंडपांत ज्याच्या हातीं कागद असतो, त्याच्या शब्दास वजन येतें. आणि तो कागद हातीं यावयाचा तर त्याची तरतूद आधींच्या वर्षाच्या जमाखर्चांत झालेली असली पाहिजे.