लोकप्रतिनिधींचे प्राप्तिकर विवरणपत्र : मतदाराने किती पाहावे?

गेल्या पावसाळ्यात राहू बेट परिसरातील एका कुटुंबात प्रार्थनेनिमित्त जाण्याचा योग आला. मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला हा उसाचा प्रदेश. अलीकडच्या काठी दौंड तालुका, पलीकडे शिरूर. प्रार्थनेनंतर चहा घेताना घरच्या कर्त्या माणसाने आम्हांला विचारले, “फादर, मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तर बँकेनं माझी तीन वर्षांची रिटर्न मागितली. जामीनदाराचीही मागितली. मग आमच्या तालुक्याच्या पैशाचा कारभार ज्याच्या हाती द्यायचा, त्याची रिटर्न आम्हांला का दाखवत नाहीत?”

त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अर्धवट होते. प्रश्न मात्र साधा नव्हता. म्हणून थोडा अभ्यास करून तो येथे मांडत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की मतदाराला आज काहीच दिसत नाही, असे नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या प्रकरणात निर्णय दिला की, उमेदवाराची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे. हा निर्णय जवळजवळ सर्वच पक्षांना रुचला नाही. त्याच वर्षी वटहुकूम निघाला, कायद्यात नवे कलम घालण्यात आले आणि न्यायालयाने मागितलेली माहिती देण्याचे बंधन उमेदवारावर राहणार नाही, अशी तजवीज झाली. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे पक्ष या एका बाबतीत किती एकदिलाने वागले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तेव्हापासून उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. त्याला ‘नमुना २६’ म्हणतात. २०१८ साली न्यायालयाने उत्पन्नाचे स्रोतही सांगितले पाहिजेत, असे बजावले. फेब्रुवारी २०१९ पासून उमेदवार, त्याची पत्नी किंवा पती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांचे मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांत दाखवलेले एकूण उत्पन्न लिहिणे बंधनकारक झाले. म्हणजे विवरणपत्र दिसत नाही. त्यातला एक आकडा दिसतो. राहूच्या त्या गृहस्थांना बँकेपुढे सर्व पाने ठेवावी लागली, उमेदवाराला मतदारापुढे दर वर्षाची एकच ओळ ठेवावी लागते. फरक आहे तो एवढा.

तरीही ही प्रतिज्ञापत्रे वाचण्यासारखी असतात. आपल्याच मतदारसंघाचे उदाहरण घेऊ. दौंड तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. २०२४ च्या निवडणुकीत तेथे सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या नणंद-भावजय एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. सुळे यांच्या प्रतिज्ञापत्रात देण्यांच्या रकान्यात सुनेत्रा पवार यांचे ३५ लाख आणि पार्थ पवार यांचे २० लाख रुपये दाखवलेले होते. यात काही गैर नव्हते; नात्यातला व्यवहार रीतसर नोंदवलेला होता. परंतु जिच्याविरुद्ध आपण लढत आहोत तिचेच आपण देणेकरी आहोत, ही गोष्ट मतदाराला एरवी कधी कळली असती? कागद उघडा असला की माणसे नुसत्या भाषणांवर विसंबून राहत नाहीत.

आता या कागदाच्या उणिवा पाहू. आमच्या भागात सर्वांत मोठी उणीव शेतीशी निगडित आहे. शेती उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. ऊस, कांदा, भाजीपाला विकून आलेले पैसे करपात्र उत्पन्नाच्या बाहेर राहतात. खऱ्या शेतकऱ्याला ही सवलत असलीच पाहिजे. पाऊस आणि बाजारभाव यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसावर आणखी कराचा बोजा कोणी मागणार नाही. पण ज्याचे अनेक व्यवसाय आहेत, त्याने ‘व्यवसाय : शेती’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागते? एकरी किती टन ऊस निघतो, हे राहू बेटातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. किती एकरांतून किती उत्पन्न, एवढे जरी दरवर्षी जाहीर झाले, तरी हिशेब तपासण्यासाठी सनदी लेखापाल लागणार नाही, गावातला पार पुरेल.

दुसरी उणीव काळाची. प्रतिज्ञापत्र म्हणजे अर्ज भरण्याच्या दिवशी काढलेले छायाचित्र. पुढची पाच वर्षे पडदा पडलेला. संसदेच्या निवडून आलेल्या सदस्यांना शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत आपली मालमत्ता सभागृहाच्या अध्यक्षांना किंवा सभापतींना कळवावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ते कलम विधानसभेच्या आमदारांना लागू नाही. बिहारमध्ये मात्र मंत्री दर वर्षअखेरीस आपली मालमत्ता जाहीर करतात, आणि ही प्रथा दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. बिहारला जे जमते ते फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला अवघड का वाटावे?

तिसरी उणीव पडताळणीची. खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती चालवायला किती काळ लागतो? देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणांचा उल्लेख नाही, अशी तक्रार झाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. निकाल काहीही लागो, २०१४ च्या मतदाराला तो २०२३ मध्ये कळून उपयोग काय? निर्दोष ठरलेल्या माणसालाही इतकी वर्षे संशय वागवावा लागला, हेही न्याय्य नव्हे.

मग माहितीच्या अधिकारात विवरणपत्र मागता येईल काय? हा अधिकार आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या आंदोलनामुळे महाराष्ट्राला २००२ साली मिळाला. देशाचा कायदा २००५ चा. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विवरणपत्रातील तपशील ही खासगी माहिती आहे. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही. ते प्रकरण आपल्याच राज्यातील अकोल्याच्या एका अधिकाऱ्याविषयी होते. राजकीय पक्षांची विवरणपत्रे मात्र केंद्रीय माहिती आयोगाने २००८ मध्येच खुली केली होती. म्हणजे पक्षाचे दिसते, पुढाऱ्याचे दिसत नाही! त्यात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीचे कलम आणखी आकसले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे पूर्वी त्या कलमात होते. ते गेले. जनहिताची वेगळी तरतूद कायद्यात अजून शिल्लक आहे, परंतु वाट अरुंद झाली आहे.

बाहेरच्या देशांत काय चालते? अमेरिकेत १९७३ साली अध्यक्ष निक्सन यांनी आपली विवरणपत्रे प्रसिद्ध केली आणि पुढे अध्यक्षपदाच्या उमेदवारांत तशी रीत पडली. ती रीतच होती, कायदा नव्हता. म्हणून २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ती पाळली नाही. त्यांची सहा वर्षांची विवरणपत्रे शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने उघड केली. नॉर्वेत तर प्रत्येक नागरिकाचे करपात्र उत्पन्न आणि भरलेला कर कोणालाही पाहता येतो. पण २०१४ पासून तेथे एक सुंदर सोय आहे : तुमची माहिती कोणी पाहिली, हे तुम्हांलाही कळते. तेव्हापासून शेजाऱ्यांची चौकशी बरीच थंडावली म्हणतात. पाकिस्ताननेही २०१४ मध्ये आपल्या खासदारांनी भरलेल्या कराची यादी छापली होती.

आमचे मत असे आहे. पुढाऱ्याचे संपूर्ण विवरणपत्र चव्हाट्यावर आणण्याची गरज नाही. त्यात औषधोपचाराचा खर्च असतो, अपंग नातेवाइकासाठी घेतलेली वजावट असते, दिलेल्या देणग्या असतात. निवडणूक न लढवलेल्या घरच्या माणसांनाही काही आब असते. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका प्रकरणात म्हटले की, उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही. ते आम्हांला पटते. परंतु कोणत्या स्रोतातून किती मिळाले, करमुक्त शेती उत्पन्न किती, कर किती भरला आणि कोणाचे किती देणे आहे, एवढे एक पान दरवर्षी जाहीर करण्यास कोणत्याही प्रामाणिक माणसाची हरकत नसावी. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः मे २०२५ मध्ये आपल्या मालमत्तेची माहिती संकेतस्थळावर ठेवली. त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा उणावली नाही.

येथे कोणी आम्हांला विचारील, “फादर, तुमचे काय?” विचारलेच पाहिजे. यरीहोच्या जक्कयाने, मुख्य जकातदाराने, आपला हिशेब बंद खोलीत नव्हे तर सर्वांदेखत मांडला होता. कॅनन लॉच्या १२८७ व्या कलमात भाविकांनी अर्पण केलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे सांगितलेले आहे, आणि ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्तसमिती असावी लागते. ज्या धर्मग्रामांत वर्षाचा जमाखर्च फलकावर लागत नाही, तेथील भाविकांनी तो नम्रपणे पण नि:संकोच मागावा. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरू-धर्मभगिनींच्या पगारातूनही कर कापला जाईल, असा निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला, तेव्हा आपल्यातल्या काहींची कुरकुर आम्ही ऐकली होती. ती योग्य नव्हती, असे आम्हांला वाटते.

राहूच्या त्या गृहस्थांना आम्ही पुढच्या भेटीत नमुना २६ दाखवला. भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघ निवडला की उमेदवारांची नावे येतात आणि प्रत्येकाचे प्रतिज्ञापत्र उतरवून घेता येते. निवडणुकीच्या काळात ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातही लावलेले असते. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. त्यांच्या मुलीने आपल्या भ्रमणध्वनीवर एक प्रतिज्ञापत्र उघडले आणि आधी पाच वर्षांच्या उत्पन्नाचा तक्ता वाचला, मग जमिनीचे गट क्रमांक. एका गटापाशी ती थांबली आणि वडिलांना म्हणाली, “हे रान तर आपल्या बांधाला लागून आहे.” तिचे कर्ज अजून मंजूर व्हायचे होते, बँकेने जामीनदाराचे आणखी एक कागदपत्र मागितले होते.