अळीला अँटिबायोटिक, माव्याला उपास!

आपण गिळलेली अँटिबायोटिकची गोळी शरीरात पूर्ण जिरतेच असं नाही. तिचा काही अंश लघवीवाटे सांडपाण्यात उतरतो आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यातूनही शेतात पोहोचतो. मग तिथल्या किडींचं काय होतं?

उंटअळीची वाढ रखडली. कोबीवरच्या उंटअळीला अँटिबायोटिक मिसळलेलं खाद्य दिलं, तर ती सावकाश वाढली आणि जास्त मेली. पोटातल्या जंतूंची वस्तीही बदलली. हा प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतला, २०१७चा.

माव्याच्या घरचा आचारी. झाडाच्या रसात मावा किडीला लागणारी काही अमिनो आम्लं फारच कमी. ती बनवून देतात माव्याच्या शरीरातले बुखनेरा नावाचे जिवाणू. अँटिबायोटिकने ते मेले की मावा खुरटतो, पिल्लं देणंही थांबतं.

थुंकीतली फसवाफसवी. बटाटा-टोमॅटोची पानं कुरतडणारा कोलोरॅडो भुंगा. त्याची अळी खाताखाता तोंडातले जिवाणू पानावर सोडते. झाडाला वाटतं, रोगजंतूंचा हल्ला झाला! ते तिकडे लढत बसतं आणि अळीचं फावतं. अँटिबायोटिक दिलेल्या अळ्यांना ही चलाखी जमली नाही, त्यांची वाढही कमी झाली.

कॅफीन पचवणार कोण? कॉफीची फळं पोखरणारा भुंगेरा कॅफीनला दाद देत नाही, कारण पोटातले जिवाणू त्याचा फडशा पाडतात. अँटिबायोटिकने ते हटवले, तर कॅफीन न पचता तसंच बाहेर पडलं.

माद्यांच्या राज्यात नर! ट्रायकोकार्डमुळे शेतकऱ्यांच्या ओळखीचा झालेला मित्रकीटक ट्रायकोग्रामा. त्याच्या काही वंशांत जिवाणूंमुळे फक्त माद्याच जन्मतात. १९९०मध्ये त्यांना अँटिबायोटिक दिलं आणि चक्क नर जन्माला आले.

उलटा प्रवासही आहे, मातीतून औषधाकडे. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून अव्हरमेक्टिन मिळालं. त्यातूनच आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध तयार झालं. २०१५च्या नोबेलमध्ये सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांचा सन्मान झाला तो यासाठीच. कपाशीच्या बोंडअळीवर फवारतात ते एमामेक्टिन याच घराण्यातलं.

पण म्हणून घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या फवारणीच्या पंपात ढकलू नका. अँटिबायोटिकला मित्रकीटक आणि शत्रुकीटक यांत फरक कळत नाही. शिवाय शेतातले जंतू त्याला सरावले, तर उद्या आपल्याच आजारपणात ते औषध निकामी ठरेल.